वयाचा आकडा पिऊ नका!

परवा दादाकडे पुन्हा तेच : "१८ वर्षांची आहे, म्हणजे भारीच!" अहो, व्हिस्कीचं वय पिंपात वाढतं आणि पिंपाला हवामान असतं. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बंगळुरात १० टक्क्यांच्या आसपास. तिथे १८ वर्षं ठेवली तर उरणार काय, कपाळ? अमेरिकेची बर्बन आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओक पिंपात मुरते, म्हणून चार-सहा वर्षांतच व्हॅनिलासारखी गोडसर लागते. आयला बेटावरच्या व्हिस्कीतला पीटचा धूर तर वयाबरोबर उलट मवाळ होतो! मग नुसत्या आकड्यांची तुलना कसली? लेबलं झाका, थेंबभर पाणी घाला, वास घ्या, मग बोला. दादा, राग मानू नकोस, पण त्या रात्री तू लेबलच प्यालास.