लाल शाईचा शेरा

फराळाच्या ताटाशी बसून भांडण काढू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. तरीही आज मी भांडणार आहे. आणि तेही अशा एका माणसासाठी, की जो ना आपल्या गावचा, ना आपल्या देशाचा. तो पोर्तुगालचा फुटबॉल खेळाडू. त्याचे नाव पेपे. ज्या घरांतली मुले रात्र रात्र जागून युरोपातले सामने पाहतात, त्या घरांत हे नाव ठाऊक असेल. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आपल्या नातवाला विचारावे. नातू चकलीचा तुकडा मोडता मोडता सांगेल, ‘तो? तो तर गुंड!’

माझे भांडण या एका शब्दाशी आहे.

पेपे हे त्याचे हाकेचे नाव. खरे नाव केप्लर लाव्हेरान द लिमा फेरेरा. एक नाव ग्रहांच्या गतीचे नियम सांगणाऱ्या ज्योतिर्विदाचे, दुसरे 1880 साली हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात पाहणाऱ्या फ्रेंच डॉक्टराचे! हजेरी घेताना असे नाव समोर आले असते, तर माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने चष्मा वर करून त्या मुलाकडे दोनदा पाहिले असते. जन्म 26 फेब्रुवारी 1983 चा, ब्राझीलमधल्या मासेयो शहरातला. अठराव्या वर्षी हा मुलगा समुद्र ओलांडून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील मारीतिमो क्लबात आला. 2004 साली तो पोर्तो क्लबात गेला आणि 2007 साली रेआल माद्रिदने त्याच्यासाठी तीन कोटी युरो मोजले. त्याच वर्षी तो पोर्तुगालचा नागरिक झाला आणि नोव्हेंबरात त्या देशाच्या संघातून प्रथम खेळला. हातात चेंडू घेऊन फोटो काढणाऱ्यांपैकी तो नव्हे. त्याची जागा मागे, गोलकीपरच्या पुढे. आला हल्ला की अडवायचा, एवढेच त्याचे काम.

आता तो कुप्रसिद्ध क्षण. तो मी लपवणार नाही. लपवून वकिली करणे हा लबाडांचा धंदा आहे. 21 एप्रिल 2009. माद्रिदचा सामना खेताफे संघाशी, गोल दोन-दोन असे बरोबरीत, सामना संपत आलेला. खेताफेचा कास्केरो चेंडू घेऊन गोलाच्या चौकटीत शिरला. पेपेने त्याला मागून ढकलून पाडले. पंचाने पेनल्टी दिली. एवढ्यावर थांबावे की नाही? पण पेपेचे डोके फिरले. खाली पडलेल्या माणसाला त्याने लाथा घातल्या आणि मध्ये पडलेल्या दुसऱ्या खेळाडूच्या तोंडावर हात उगारून मारले. गंमत अशी, की ती पेनल्टी वाया गेली आणि सामना माद्रिदनेच जिंकला. पण ते कोणाच्या ध्यानात आहे? ध्यानात राहिल्या त्या लाथा. पेपेवर दहा सामन्यांची बंदी आली. त्याने जाहीर माफी मागितली.

ही शिक्षा योग्यच होती. ती कमी झाली असे कोणी म्हणाले, तरी मी वाद घालणार नाही. पडलेल्या माणसाला लाथ मारणे याला कोणत्याही भाषेत पराक्रम म्हणत नाहीत. माझा वाद पुढचा आहे. मंडळाने सांगितले, दहा सामने. दहा सामने झाले, शिक्षा संपली. जगाने मात्र आपली शिक्षा कधी संपवलीच नाही! शिक्षेला अंत असतो; शेऱ्याला नसतो.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी आहेत. ते म्हणतात, ‘अहो, माणसाचा खरा रंग रागाच्या क्षणीच दिसतो.’ मोठे सोयीचे तत्त्वज्ञान आहे! रागाच्या एका मिनिटात खरा रंग दिसतो, आणि पंधरा पंधरा वर्षांच्या मेहनतीत दिसतो तो काय मुलामा? हाच न्याय आपल्या घरात लावू म्हटले, तर दिवाळीला एका ताटात जेवायला दोन माणसेही उरायची नाहीत.

ते असेही म्हणतील, की त्याने पुन्हा केलेच ना? केले. 2014 च्या विश्वचषकात, त्याच्या जन्मभूमीतच, जमिनीवर बसलेल्या जर्मनीच्या म्युलरला त्याने वाकून डोक्याने ढुसणी दिली आणि सदतिसाव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. पोर्तुगाल चार गोलांनी हरला. हेही त्याच्या खात्यावर मांडा. पण खाते म्हटले की त्याला दोन बाजू असतात, हे चौथीतल्या पोराला कळते. ते क्रीडापंडितांना कळू नये?

येथेच बचावाच्या खेळाडूवरचा मूळ अन्याय आहे. पुढे खेळणारा नऊ वेळा चेंडू बाहेर मारतो, दहाव्या वेळी जाळ्यात मारतो, आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. मागचा नऊ वेळा संकट परतवतो, दहाव्या वेळी पाय घसरतो, आणि लोक म्हणतात, ‘याच्यामुळे हरलो!’ एकाची चूक पुसली जाते, दुसऱ्याचे यश लिहिलेच जात नाही. लिहिणार तरी कसे? न झालेल्या गोलाला फळ्यावर जागा कुठे असते? युरोपात उत्कृष्ट खेळाडूला 1956 पासून सोन्याचा चेंडू देतात. पुरुषांमध्ये बचावफळीतल्या किती जणांना तो मिळाला? बेकेनबावर, झामर आणि कानावारो, अशा तिघांना!

आता दुसरी बाजू वाचा. 10 जुलै 2016, पॅरिसजवळचे सँ-दनी. युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर यजमान फ्रान्स. पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो दुखावून, डोळे पुसत बाहेर गेला. पेपे स्वतः मांडीच्या दुखण्याने आदला सामना मुकलेला. त्या रात्री जादा वेळ धरून 120 मिनिटे त्याने फ्रान्सला गोल करू दिला नाही. 109 व्या मिनिटाला एडेरने गोल मारला, पोर्तुगाल जिंकला, आणि सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून नाव पुकारले गेले ते पेपेचे. खेळ संपल्यावर मैदानावरच त्याला उलटी झाली, इतका तो दमला होता.

आणि 2024? तेव्हा तो 41 वर्षांचा होता. या वयात माझी जिना चढताना दमछाक होत होती! स्लोव्हेनियाविरुद्ध जादा वेळात त्याच्याकडून चेंडू सुटला. शेश्को एकटा गोलाकडे धावला. गोलकीपर कोस्ताने पायाने तो फटका अडवला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरणाऱ्याची चूक त्या दिवशी दुसऱ्याने निस्तरली. चार दिवसांनी, 5 जुलैला, हॅम्बुर्ग येथे पुन्हा फ्रान्स. पेपे पूर्ण 120 मिनिटे उभा राहिला. पुढे पेनल्टींवर पोर्तुगाल हरला आणि तो रोनाल्डोच्या गळ्यात पडून रडला. युरोपच्या या स्पर्धेत त्याच्याएवढ्या वयाचा खेळाडू तोवर कोणी उतरला नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. देशासाठी 141 सामने, चार विश्वचषक, पाच युरोपीय स्पर्धा. ‘गुंड’ या दोन अक्षरांत हे सारे कोंबायचे?

तुम्ही विचाराल, मास्तर, तुम्हांला एवढा कळवळा का? सांगतो. नववीतल्या एका मुलाने एकदा वर्गात मारामारी केली. दुसऱ्या मुलाचा ओठ फुटला. मी त्याच्या नावापुढे लाल शाईने लिहिले, ‘मारकुटा. वर्तन असमाधानकारक.’ ते लिहिताना मला कर्तव्य केल्याचे समाधानही वाटले. दोन वर्षांनी तो शाळा सोडून निघाला. दाखल्यातला वर्तणुकीचा रकाना भरताना कारकुनाने माझा शेरा पुढे केला आणि विचारले, ‘गुरुजी, इथे काय लिहू?’

मधल्या दोन पावसाळ्यांत तो मुलगा शाळा सुटल्यावर ओढ्यापाशी उभा राहत असे आणि लहान पोरांना हात धरून पलीकडे पोचवत असे. मी रोज पाहत होतो. दोन वर्षांत एकही पोर वाहून गेले नाही. म्हणून त्याची नोंद कोठेही नव्हती! एखादे वाहून गेले असते, तर चौकशी झाली असती, कागद झाले असते. मी कारकुनाला ‘चांगली’ असे लिहायला सांगितले. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी खोटा दाखला देत होतो. खोटा खरोखर कोणता होता, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हा वाचकहो, नातू पुन्हा ‘गुंड’ म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका. 2009 च्या लाथा त्याने पाहिल्या असतील, तर त्या खऱ्याच आहेत. त्याला फक्त विचारा, ‘बाळ, हॅम्बुर्गला त्या 120 मिनिटांत फ्रान्सचे गोल किती झाले?’ तो म्हणेल, शून्य. मग त्याला हळूच विचारा, ‘ते शून्य कोणी कोणी मिळवले?’