मुलाखतीची तयारी आणि आपली खाती



रेल्वे व टपाल कामगारांची मुले आज सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करीत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. चार वर्षांच्या अनुभवानंतर ती वरच्या जागेसाठी जातात, तेव्हा तेथे ‘सिस्टिम डिझाइन’ची मुलाखत असते. तिच्या धास्तीने मुले महागड्या क्लासकडे धावतात आणि घरात पतपेढीच्या कर्जाचा विषय निघतो. आमचे स्पष्ट मत आहे की, कर्ज काढण्यापूर्वी मुलांनी आपल्या खात्यांचे काम नीट समजून घ्यावे.

या मुलाखतीत बहुधा तासभर एकाच प्रश्नावर चर्चा चालते. समजा विचारले, ‘लाखो लोकांसाठी तिकीट आरक्षणाची व्यवस्था कशी उभाराल?’ याला ठरीव उत्तर नाही. उमेदवार आधी काय विचारतो, काय मांडतो आणि कशासाठी काय सोडतो, हे पाहिले जाते.

तत्काळचे आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता व इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते. त्या क्षणी झुंबड उडते. म्हणून दिवसाची सरासरी पुरत नाही, गर्दीच्या मिनिटाचा हिशेब आधी करावा लागतो. एकच बर्थ दोघांनी मागितली तर? लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय आपण ब्लॉक सेक्शनमध्ये दुसरी गाडी सोडत नाही. संगणकात या बंदोबस्ताला ‘लॉक’ म्हणतात. बिघाड झाला तर? आपला सिग्नल लाल होतो. गाडीला उशीर चालेल, टक्कर चालणार नाही. तसेच तिकीट उशिरा मिळाले तर चालेल, एक बर्थ दोघांना विकली जाता कामा नये. असा निवाडा कारणांसह सांगता यावा.

टपालाचेही तेच. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोस्टाचे. सारा देशाचा टपाल एकाच ठिकाणी छाटावा लागत नाही. माहिती अनेक यंत्रांवर वाटून ठेवण्याची ‘शार्डिंग’ पद्धत याच जातीची आहे.

एवढ्याने मुलाखत जिंकता येईल, असे आम्ही म्हणत नाही. डेटाबेस, सर्व्हर, नेटवर्क यांचा अभ्यास मुलांनी केलाच पाहिजे. पण पाठ केलेली आकृती दुसऱ्या प्रश्नाला कोलमडते. काम समजलेला उमेदवार टिकतो.

म्हणून शाखा-चिटणीसांना आमची विनंती आहे : रविवारी दोन तास युनियन कार्यालय व फळा मुलांना द्या. नोकरीत असलेल्या मुलांनी प्रश्न विचारावेत, नव्यांनी उभे राहून मराठीत व मग इंग्रजीत उत्तर द्यावे. गार्ड, स्टेशन मास्तर, सॉर्टर यांनीही बसावे आणि ‘हे बंद पडले तर काय?’ असे खडसावून विचारावे. हा प्रश्न आपण आयुष्यभर सोडवीत आलो आहोत. तो विचारायला पदवी लागत नाही.