पऱ्हाटीतली अमेरिका

सीतादही करून बाया पहिल्या वेचणीला वावरात शिरतात, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात कापसाचा हंगाम सुरू होतो. ज्या पऱ्हाटीची ही पूजा होते, तिचं मूळ मात्र मेक्सिकोतलं. इथल्या जुन्या देशी वाणांना पिवळं फूल येई. आजच्या बीटी संकरित पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. ही अमेरिकन कपाशीची खूण. अमेरिकेच्या इतिहासाशी समुद्रपूरचं काय देणंघेणं, असं विचारणाऱ्याला उत्तर धुऱ्यावरच मिळतं.

हे नातं बीटीच्याही आधीचं आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि लिंकनच्या आरमाराने दक्षिणेतली बंदरं रोखली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक तिथूनच येत असे आणि तो पिकत होता गुलामांच्या श्रमावर. तो आटला, तशी लँकेशायरची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. शेजारच्या हिंगणघाटचं नाव तर परदेशी बाजारात कापसाच्या उत्तम प्रतीचं नाव होऊन बसलं. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा निघाला तो याच धामधुमीत, १८६२ साली. पुढे १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या.

अमेरिकी विद्यापीठांतले अभ्यासक गेली काही वर्षं हाच धागा नव्याने उलगडत आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक स्वेन बेकर्ट यांचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’ २०१४ मध्ये आलं, त्याला इतिहासलेखनाचा प्रतिष्ठेचा बँक्रॉफ्ट पुरस्कार मिळाला. मिसिसिपीच्या काठचा मळा, मँचेस्टरची गिरणी आणि वऱ्हाडातलं खामगाव ही एकाच व्यवस्थेची अंगं म्हणून त्यात भेटतात. त्याआधी १९९७ मध्ये लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडाचा कापूस आणि दुष्काळ एकत्र तपासला होता. कलेचा इतिहासही यातून सुटलेला नाही. ॲना अराबिंदन-केसन यांचं ‘ब्लॅक बॉडीज, व्हाइट गोल्ड’ (२०२१) कापूस, व्यापार आणि चित्रकला यांची गाठ सोडवतं.

कापूस आणि चित्र यांचा संबंध काय, हे एका चित्रातच दिसतं. फ्रेंच चित्रकार एदगार देगा याने १८७३ मध्ये न्यू ऑर्लिन्समधली आपल्या मामाची कापसाची पेढी रंगवली. मधल्या टेबलावर कापसाचा ढीग आहे. पुढ्यात बसलेला मामा चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो आहे, धागा किती लांब ते बघतो आहे. देगाचा भाऊ ऐसपैस बसून वर्तमानपत्र वाचतो आहे. गाडी घेऊन मार्केट यार्डात गेलेल्या कोणाही शेतकऱ्याला मामाची ती बोटं ओळखीची वाटतील. त्याच बोटांवर त्याचा भाव ठरतो. कापूस वेचणारे हात मात्र चित्रात कुठेच नाहीत.

नेमक्या त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली. पुण्यात बसून फुले अमेरिकेचा इतिहास आपल्या शेतकऱ्याच्या, शूद्रातिशूद्रांच्या कामासाठी वाचत होते. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत सविस्तर पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्था कशा चालतात हे त्यांनी बारकाईने टिपलं आणि काळ्या लोकांवरचा अन्यायही नजरेआड केला नाही. त्या मानाने आजच्या मराठीतली अमेरिका बरीचशी प्रवासवर्णनांत आणि मुलांच्या नोकऱ्यांत अडकली आहे.

खुद्द वर्ध्यालाही या इतिहासात जागा आहे. १९३६-३७च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज हे कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. पुढे अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष असताना त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग या विद्यार्थ्याला घडवलं.

विद्यापीठीय पुस्तकं जड असतात, तळटिपांनी भरलेली असतात, तालुक्याच्या गावी ती वाचणार कोण, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहेच. पाचशे-सहाशे पानांचा ग्रंथ कोणी एका बैठकीत वाचत नाही. पण समुद्रपूर-हिंगणघाटचा शेतकरी कापूस विकायचा की घरात भरून ठेवायचा हे ठरवताना अमेरिकेतलं पीक, डॉलर आणि वायदेबाजार यांची चर्चा करतोच. ज्याला न्यूयॉर्कचा आजचा भाव कळतो, त्याला त्या भावामागची दीडशे वर्षं झेपणार नाहीत, हे कशावरून? अडचण वाचकाच्या कुवतीची नाही, भाषेची आणि किमतीची आहे.

१९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने जगभरचे जाड ग्रंथ स्वस्तात मराठीत आणलेले आहेत. मंडळाने आता कापसाच्या इतिहासाचं निदान एक पुस्तक अनुवादासाठी घ्यावं. अनुवादकाला सरकी, रेचा, खंडी, गाठ हे शब्द कोशातून शोधावे लागू नयेत, म्हणून तो विदर्भातला निवडावा. किंमत वेचणीच्या एका दिवसाच्या मजुरीत बसेल एवढीच ठेवावी आणि पहिल्या प्रती समुद्रपूर, हिंगणघाट आणि खामगावच्या वाचनालयांत पाठवाव्यात.