मत भागाचे, प्रश्न माणसाचा

पावसाळ्याचे दिवस हे आपल्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभांचेही दिवस असतात. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कंपनीने भागधारकांची सभा घेतली पाहिजे असे कायदा सांगतो, आणि बाजारमूल्याने पहिल्या शंभरात येणाऱ्या कंपन्यांना तर सेबीने पाचच महिने दिले आहेत. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर नोटिसांचा पाऊस पडतो. पूर्वी त्या पोस्टमन आणून टाकी, गुळगुळीत कागदावरच्या जाडजूड अहवालासकट. आता त्या ई-मेलने येतात आणि बहुतेक भागधारक त्या उघडतही नाहीत. यंदा आलेली एखादी तरी नोटीस वाचकांनी उघडून पाहावी. ताळेबंद कळला नाही तरी हरकत नाही. फक्त दोन वेळा शोधाव्यात: मतदान कधी बंद होते आणि सभा कधी सुरू होते.

घरबसल्या करायचे ई-मतदान किमान तीन दिवस चालते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता संपते. सभा भरते ती दुसऱ्या दिवशी. म्हणजे बहुतेक मते पडून जातात आणि मग त्या विषयावर चर्चा सुरू होते! ज्यांनी आधी मत दिलेले नाही त्यांना सभेच्या वेळी ते देता येते, हे खरे. पण ज्यांच्या मतांनी ठराव पास वा नापास होतात, ते म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि प्रवर्तक बहुधा तोवर मोकळे झालेले असतात. चाळीच्या सभेतसुद्धा आधी वाद होतो आणि मग हात वर होतात. आपल्या मोठमोठ्या कंपन्यांत हा क्रम उलटा झाला आहे, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटेनासे झाले आहे.

मी आयुष्यभर राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. या बँकांनी १९९४ च्या कायदेबदलानंतर लोकांना भाग विकायला सुरुवात केली आणि मग त्यांनाही भागधारकांच्या सभा घ्याव्या लागल्या. पण त्या कायद्यातली शब्दरचना मोठी मौजेची होती. ताळेबंदावर आणि संचालकांच्या अहवालावर 'चर्चा करण्याचा' हक्क भागधारकांना होता. तो मंजूर वा नामंजूर करण्याचा हक्क नव्हता. बोला, हवे तितके बोला, पण तुमच्या हो-नाहीला अर्थ नाही. २००६ च्या दुरुस्तीने चर्चेच्या जोडीला मंजुरीचाही अधिकार आला. नुसती चर्चा म्हणजे अर्धी सभा, असे तेव्हा आम्ही कर्मचारी आणि भागधारक दोघेही म्हणत असू. आज सगळ्या कंपन्यांत दुसरी अर्धी सभा उरली आहे. मत आहे, चर्चा पातळ झाली आहे.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. मताला किंमत आहे ना? आहे, आणि ती वाढली आहे. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचे ठराव फेटाळले. २०२१ मध्ये आयशर मोटर्समध्ये सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा ठराव मोबदल्याच्या मुद्द्यावर अडला. २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांनी परदेशी मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी वाढवायला नकार दिला. वीस वर्षांपूर्वी हे स्वप्नातही आले नसते. सेबीने म्युच्युअल फंडांना मतदान सक्तीचे केले, कोणत्या ठरावाला विरोध करावा हे सांगणाऱ्या सल्लागार संस्था उभ्या राहिल्या, त्याची ही फळे आहेत.

पण ही सारी ताकद मोठ्यांची आहे. मत भागांवर मोजले जाते. ज्याच्याकडे एक कोटी भाग, त्याची एक कोटी मते. ज्याच्याकडे दहा, त्याची दहा. सहकारी संस्थेतल्यासारखे 'एक सभासद, एक मत' इथे नाही आणि भांडवलाच्या व्यवहारात ते असावे असा माझा आग्रहही नाही. मात्र दहा भागवाल्याच्या हातात एक गोष्ट अशी आहे की जी कोटी भागवाल्याच्या बरोबरीची आहे. तो उभा राहून प्रश्न विचारू शकतो. कायद्याने ही गोष्ट किती जपली आहे पाहा: सभेला जाता येत नसेल तर तुम्ही आपला प्रतिनिधी पाठवू शकता, तो तुमच्या वतीने मत देऊ शकतो, पण त्याला सभेत बोलण्याचा हक्क नाही. मत दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. बोलायला मात्र मालक स्वतःच लागतो.

मुंबईकरांनी हा हक्क एकेकाळी मनसोक्त वापरला आहे. परकीय चलन नियमन कायद्यामुळे सत्तरच्या दशकात परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला, त्यांचे भाग बाजारात आले आणि पगारदार मध्यमवर्ग प्रथमच मोठ्या संख्येने मालक झाला. पुढे रिलायन्सची सभा सभागृहात मावेना म्हणून १९८५ मध्ये ती कूपरेजच्या मैदानावर भरली. मरीन लाइन्सचे बिर्ला मातुश्री सभागृह, नरिमन पॉइंटचे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान ही नावे नाट्यरसिकांइतकीच भागधारकांच्याही परिचयाची. अहवालाच्या पानापानाला कागदाच्या पट्ट्या लावून आलेले पारशी गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून आकडे तपासणारे निवृत्त मास्तर, पिशवीत छत्री आणि डबा घेऊन आलेल्या गिरगावातल्या बाई. "अध्यक्षमहाराज, पान अमुक, टीप तमुक, 'इतर खर्च' गेल्या वर्षीच्या दुप्पट कसा?" असा प्रश्न आला की व्यासपीठावर हालचाल होई. अध्यक्ष मागे पाहत, कंपनी सेक्रेटरी वाकून चिठ्ठी पुढे सरकवी, आणि साऱ्या सभागृहाच्या देखत उत्तर द्यावे लागे. ते उत्तर गुळमुळीत असले तर तेही साऱ्या सभागृहाला दिसे.

या सभा म्हणजे काही आदर्श संसद नव्हती. अध्यक्षांची आरती ओवाळणारे धंदेवाईक वक्ते होते, त्यांच्या कवितांनी तास खाल्ले जात. काहींचे लक्ष ताळेबंदापेक्षा दाराशी वाटल्या जाणाऱ्या पुडक्यांकडे असे. हा प्रकार इतका बोकाळला की भारतीय कंपनी सचिव संस्थेने सर्वसाधारण सभांसाठी जे मानक तयार केले, त्यात भेटवस्तू, भेटकुपने किंवा त्याबदली रोख रक्कम वाटण्यास स्पष्ट मनाई करावी लागली. १ जुलै २०१५ पासून हे मानक पाळणे कंपन्यांना बंधनकारक आहे. पुडकी गेली, उत्तम झाले. पण त्यानंतर पाच वर्षांनी माणसेही गेली.

२०२० मध्ये साथ आली आणि सरकारने सभा पडद्यावर घेण्याची सवलत दिली. ती त्या वेळी अपरिहार्य होती. पुढे मात्र साथ ओसरली तरी सवलत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि ती कंपन्यांच्या अंगवळणी पडली. पडद्यावरची सभा वाईट असे मी म्हणत नाही. कायद्याने सभा नोंदणीकृत कार्यालयाच्या गावीच घ्यायची. तेव्हा कार्यालय कोलकात्याला असेल तर नांदेडच्या भागधारकाने काय करायचे? त्याला पडद्याने प्रथमच दार उघडून दिले. पण त्या दारातून आत गेल्यावर काय होते? बोलायचे असेल तर काही दिवस आधी नाव नोंदवायचे. वक्ते किती आणि प्रत्येकाला मिनिटे किती, हे कंपनी ठरवणार. नाव पुकारले की आवाज सुरू करण्याची कळ कंपनीच्या माणसाच्या हाती. एका सभेत मी तासभर थांबलो, नाव पुकारले गेले, मी बोलू लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला 'आपला आवाज येत नाही' असे सांगून पुढच्याला बोलावले गेले. तांत्रिक अडचण असेलही. सभागृहात मात्र आवाज येत नसेल तर माणूस पुढे चालत येतो, आणि शेजारचे दहा जण म्हणतात, त्यांना बोलू द्या.

ते शेजारचे दहा जण पडद्यावर नाहीत, हे मला सर्वात मोठे नुकसान वाटते. एकाचा प्रश्न ऐकून दुसऱ्याला प्रश्न सुचणे, टाळाटाळ झाली की कुजबुज वाढणे, यालाच तर सभा म्हणतात. हे नुकसान होते आहे ते नेमके कोणत्या काळात? मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ मध्ये ती पंधरा कोटींच्या पुढे गेली. मालक जवळजवळ चौपट झाले आणि मालकांची बैठक मोडली.

प्रश्नाने काय साधते, असे वाटणाऱ्यांनी 'सत्यम' आठवावे. २००८ मध्ये या कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. संचालक मंडळात नामवंत प्राध्यापक होते, लेखापरीक्षक जगप्रसिद्ध होते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातील रोकड आणि बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला हे वाचून पहिली शंका येते ती साधी आहे: ही ठेव कोणत्या बँकेत, आणि तिचे व्याज किती? कोणी सभेत असे विचारले असते तर खरे उत्तर मिळाले असते असे नाही. खोटेच मिळाले असते. पण हजार माणसांसमोर बोललेले खोटे आणि कागदावर छापलेले खोटे यांत फरक आहे. पहिल्याला साक्षीदार असतात, आणि पुढच्या वर्षी त्यातला कोणीतरी उठून म्हणतो, "गेल्या वर्षी आपण असे सांगितले होते."

म्हणून माझे गाऱ्हाणे सरकारइतकेच कंपनी सचिवांच्या संस्थेकडे आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८० च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या या संस्थेच्या बोधवाक्यात सत्य बोलण्याचा उपनिषदातला उपदेश आहे. तिच्याच मानकात म्हटले आहे की ठराव मतास टाकण्यापूर्वी अध्यक्षांनी त्याचा हेतू आणि परिणाम समजावून सांगावा, सभासदांना खुलासे मागण्याची रास्त संधी द्यावी. 'मतास टाकण्यापूर्वी' हे शब्द संस्थेनेच निवडलेले आहेत. आदल्या दिवशी पाच वाजता मतदान संपवणाऱ्या व्यवस्थेत त्या शब्दांचे काय होते, हे तिनेच विचारायला हवे. लंडनच्या चार्टर्ड सचिवांच्या जुन्या संस्थेने २०१९ मध्ये 'गव्हर्नन्स' हा शब्द नावातच घेतला. नावात घेतलेला शब्द सभेत दिसला पाहिजे, आणि सर्वात आधी तो अशा संस्थांच्या स्वतःच्या सभांत दिसला पाहिजे. जो वैद्य इतरांना पथ्य सांगतो, त्याच्या ताटाकडे लोक पाहणारच.

करायचे ते अवघड नाही. सभागृह आणि पडदा दोन्ही ठेवा. गावातला प्रत्यक्ष येईल, लांबचा घरून बोलेल. ई-मतदान सभेनंतर आणखी एक दिवस खुले ठेवा, म्हणजे म्युच्युअल फंडांनाही ऐकून मत देता येईल; त्यासाठी सरकारने नियमातली एक ओळ बदलायची आहे. सभेत वेळेअभावी राहिलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे पंधरा दिवसांत सर्व भागधारकांसाठी प्रसिद्ध करा. आणि वक्त्यांची यादी कंपनीने न निवडता चिठ्ठ्या टाकून काढा. सभागृहाचे भाडे आणि चहा-बटाटेवड्याचा खर्च परवडत नाही, असे हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या कंपनीने सांगू नये.

उरला भागधारक. सभागृह उघडले तरी ते रिकामे राहिले तर दोष कोणाला द्यायचा? भाग घेतला तो चढेल म्हणून, उतरला की विकून टाकू, मग प्रश्न कशाला, ही वृत्ती आता घराघरांत आहे. तसे असेल तर आपण सट्टा खेळतो आहोत, मालकी करत नाही, हे तरी स्वतःशी मान्य करावे. दहा भागांच्या मालकाला लाभांश मिळून मिळून किती मिळणार? ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी अध्यक्षांना उत्तर द्यायला लावण्याचा हक्क मात्र त्याला पुरा मिळतो, त्यात दहाव्या हिश्श्याची कपात नाही. तो मागून घेतला पाहिजे, आणि मिळाल्यावर वापरला पाहिजे.