नियंत्रण आधी, कर नंतर

आमचे जालना ओळखले जाते ते लोखंडी सळया, बियाणे आणि मोसंबीसाठी. येथे कॅसिनो नाही. मग त्या धंद्याच्या अडचणींशी आपले काय देणेघेणे? माझ्या मते, आहे.

महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा केला, पण तो अमलात आलाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. गोव्याने मात्र १९९२ पासून कायद्यात बदल करून वाट मोकळी केली. मांडवीत जुगाराची जहाजे उभी राहिली, तिजोरीत महसूल आला.

पुढे वाद पेटला तो कर कशावर घ्यायचा, याचा. गिऱ्हाइकाने हजार रुपयांची टोकन घेतली आणि कॅसिनोकडे शेवटी शंभर उरले, तर शंभरावर २८ टक्के म्हणजे २८ रुपये, हजारावर २८०! सप्टेंबर २०२३ मध्ये 'डेल्टा कॉर्प'ला मागील वर्षांच्या जीएसटीपोटी अकरा हजार कोटींहून अधिक रकमेची नोटीस आली. १ ऑक्टोबरपासून टोकनांच्या पूर्ण रकमेवर कर सुरू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला.

या हिशेबात घर कोठेच नाही. जालन्याच्या तरुणाला मांडवीपर्यंत जावे लागले नाही. जुगार मोबाइलवरून घरात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे योग्यच. पण १८८७ चा जुगारबंदी कायदा असतानाही मुंबईत मटका फोफावला, हे विसरून चालणार नाही. मोसंबीचे पैसे हरल्यावर सरकारला त्यातले किती मिळाले, याने चूल पेटत नाही.