मुळा-मुठेचा नकाशा पुसू देऊ नका

भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण सगळे नदी बघायला धावतो. झेड ब्रिजवर उभं राहायला जागा उरत नाही. एरवी वर्षभर मात्र नदीचं नाव निघतं ते वास, डास आणि जलपर्णीपुरतं. आणि आपलं लक्ष नसतं त्याच महिन्यांत तिच्या काठी भराव पडत राहतो.

पुण्याची नदी म्हणजे एक रेघ नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या धरणांचं पाणी घेऊन मुठा येते. मुळशीकडून मुळा येते. वाटेत तिला राम नदी मिळते, दापोडीपाशी पवना मिळते. संगमवाडीला मुळा आणि मुठा एक होतात आणि बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेत जातात. शिवाय टेकड्यांवरून उतरणारे ओढे आहेतच. आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला ही नावं निदान ऐकलेली तरी असतात. कितीतरी ओढ्यांची नावंसुद्धा आता कुणाला सांगता येत नाहीत.

हे सगळं जाळं मिळून नदी होते. आपण मात्र ते एकेका धाग्याने तोडत चाललो आहोत. ओढ्यावर स्लॅब पडतो, वर पार्किंग होतं. काठावर रात्रीतून राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे गवत उगवतं, पत्रे लागतात आणि ती जमीन कायमचीच होती असं वाटायला लागतं.

पाणी मात्र आपली वाट सोडत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने काय केलं, ते आपण पाहिलं. माणसं गेली, घरं गेली, भिंती कोसळल्या. त्या रात्री संकट मोठ्या नदीतून आलं नव्हतं, एका ओढ्यातून आलं होतं. २५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोक झोपेतून उठले ते थेट पाण्यात. धरणातून किती पाणी सोडायचं हे काही प्रमाणात माणसाच्या हातात असतं. धरणाखालच्या टेकड्यांवर कोसळणारा पाऊस कुणाच्याच हातात नसतो. त्याला पसरायला पूरमैदान लागतं. निळी आणि लाल पूररेषा त्यासाठीच आखलेली असते.

आणि प्रश्न फक्त पुराचा नाही. बावधनला राम नदीच्या काठी एक जिवंत झरा आहे. तिथे जाऊन बघा. बाजूला इमारती, वाहनांचा गोंगाट, आणि जमिनीतून स्वच्छ पाणी वर येतंय! राम-मुळा संगमावर काठाला वाळुंज आणि करंज आहेत, उंबर आहेत. त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे, फांद्यांवर खंड्या टपून बसलेला दिसतो. असा काठ काँक्रीटने बांधून काढला की खडकातून झिरपणारं पाणी अडतं, माती मरते, पक्षी जातात. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ योजनेबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील. पण पात्र अरुंद होऊ नये, झरे बुजू नयेत, जुनी झाडं पडू नयेत, यावर तरी आपलं दुमत असायचं कारण नाही.

आपण सोडलेलं पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं आणि त्याच भीमेच्या काठी, पंढरपुरात, वारकरी चंद्रभागा म्हणून स्नान करतात. आपल्या स्वयंपाकघरातला नि न्हाणीघरातला फेस कुठवर पोचतो, याचा विचार आपणच करायचा आहे.

करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आपल्या आवाक्यातलं आहे. घराचं काम काढलंत तर ठेकेदाराला स्पष्ट विचारा, राडारोडा कुठे टाकणार? सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा असेल तर ती खरंच चालते का, हा विषय पुढच्या सभेत घ्या. फ्लॅट घेण्याआधी पार्किंग किती मिळेल हे विचारतो तसं पूररेषा कुठून जाते हेही विचारा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा चार ओळी का होईना, लिहून द्या. शंभर अर्ज एकत्र गेले की त्यांची दखल घ्यावी लागते. जीवितनदीसारख्या संस्था काठाने नदीफेऱ्या काढतात, त्यात मुलांना घेऊन सामील व्हा.

आणि सुरुवात येत्या रविवारीच करूया. आपल्या घराजवळचा ओढा शोधा. दोन शेजाऱ्यांना बरोबर घ्या आणि काठाकाठाने जमेल तितकं नदीकडे चालत जा. जिथे तो बुजवलेला, वळवलेला, कोंडलेला दिसेल तिथला फोटो काढा आणि सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात सगळ्यांच्या सहीने लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.