खुडूक बसणारी कोंबडी कुठे गेली?

नगर-मनमाड रस्ता घ्या नाहीतर नगर-पुणे, ढाब्याच्या दर दुसऱ्या पाटीवर 'गावरान कोंबडी' लिहिलेलं आहे. एवढी गावरान येते कुठून राव?

साधा हिशोब बघा. परसातली देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. डझनभर घातली की खुडूक होते, एकवीस दिवस बसते आणि पुढे दोन महिने पिल्लं घेऊन हिंडते. पिल्लू किलो-सव्वा किलोचं व्हायला पाच-सहा महिने जातात. यावर हायवे चालत नाही. ताटात येते ती बहुतेक वेळा शेडमध्ये खाद्यावर दोन-अडीच महिन्यांत वाढवलेली रंगीत संकरित कोंबडी, म्हणजे गिरिराज, वनराज, डीपी वगैरे. ती खायला वाईट नाही, पाळणाऱ्याचे कष्टही खरेच आहेत. पण मग नाव तेच सांगा आणि भावही त्याचाच घ्या. ब्रॉयलर चाळीस दिवसांत येतो, त्याच्याबाबत निदान कुणी खोटं बोलत नाही.

खरा तोटा होतो तो डालग्याखाली आठ-दहा कोंबड्या ठेवणाऱ्या बाईचा. वहीचा, औषधाचा, एसटीचा खर्च त्यातनंच निघतो. पशुसंवर्धन खात्याची अनुदानाची योजना आहे, त्यात पंचवीस तलंगा आणि तीन नर मिळतात. ही सुधारित जात अंडी जास्त देते, हे मान्य. पण ती सहसा खुडूक बसत नाही. दोन वर्षांत कळप संपला की पिल्लं परत विकत आणा! आजीच्या काळापासून फुकटात चालत आलेलं चक्र तिथं तुटतं. वाटपाच्या यादीत देशी कोंबडी का नको, हा प्रश्न जिल्हा परिषदेत कुणीतरी उठून विचारायला हवा.

दुसरी गोष्ट लशीची. मानमोडी आली की गावातली खुराडी दोन-चार दिवसांत रिकामी होतात. लस आहे, महागही नाही. पण बाटली शंभर, पाचशे, हजार डोसांची, बर्फात ठेवायची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. दहा कोंबड्यांची बाई ती घेईल कशी? म्हणून ती घेतच नाही. पावसाळ्याआधी आणि हिवाळ्याआधी दवाखान्याने गावात एक सकाळ ठरवावी, कोंबड्या सोडायच्या आधीची. दवंडी द्या, ग्रुपवर टाका. एक बाटली सगळ्या आळीला पुरते. याला वेगळा निधी लागत नाही, माणूस लागतो. (पदं रिकामी आहेत, हे उत्तर आता पाठ झालंय.)

आपल्या जिल्ह्याला जनावरांची नावं आहेत. संगमनेरी शेळी देशभर नोंदलेली जात आहे, अकोल्याच्या डोंगरात डांगी गाय आहे. कोंबडीला मात्र नाव नाही. नंदुरबार-धुळ्याकडची 'बुसरा' ही छोट्या अंगाची देशी कोंबडी राष्ट्रीय यादीत आहे. त्याच नवापूरला फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि पोल्ट्र्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. अशा वेळी कोणती जात किती उरली हे कळायला आधी नोंद असावी लागते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी घरचं बियाणं जपलं, 2020 ला पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. कोंबडीचं बियाणंही तसंच बाईच्याच हातात आहे. राहुरीचं विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. अकोले, पारनेर, पाथर्डीत कुठली देशी कोंबडी उरलीय, एवढी पाहणी त्यांनी हाती घ्यावी.

तोवर आपणच सुरुवात करू. तुमच्या गावात अजून घरच्या अंड्यांवर खुडूक बसवून पिल्लं काढतात का? गावाचं आणि तालुक्याचं नाव खाली लिहा. बाईंचं नाव, नंबर टाकू नका, गाव पुरे. यादी झाली की ती घेऊन मी पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडे जातो.